हळदीचा डीजे समुद्रावर

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात मी सात वर्षं हळदी आणि मिरवणुका वाजवतोय. वेंगुर्ल्याच्या बाजूला किनाऱ्यावर होणाऱ्या एका इलेक्ट्रॉनिक म्युझिक फेस्टिव्हलला गंमत म्हणून तासाभराचा मिक्स पाठवला होता. चक्क बोलावणं आलं. स्लॉट सव्वासहा ते सव्वासात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ला उघड्यावरचे स्पीकर बंद, म्हणून नावाजलेले लोक आठनंतर आणि आमच्यासारखे नवखे उजेडात.

पाच वाजता साउंडचेकला पेनड्राइव्ह लावला, तर प्लेयरनं तो ओळखलाच नाही. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह, पाकिटातून काढला तसाच वापरलेला, म्हणजे एक्सफॅट फॉरमॅटचा. तिथल्या जुन्या प्लेयरना फॅट३२ लागतो. हळदीत मी लॅपटॉपवरूनच वाजवतो, त्यामुळे हे कधी आडवं आलं नव्हतं. माझ्या आधी वाजवणाऱ्या पेडण्याच्या मुलीनं तिचा १६ जीबीचा दिला. पण नुसती गाणी कॉपी करून भागत नाही. रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा एक्सपोर्ट केल्याशिवाय गाण्यांवर लावलेले क्यू (कुठून सुरू करायचं त्या खुणा) येत नाहीत. सुरूच्या झाडाखाली, डोक्यावर टॉवेल घेऊन (उन्हात स्क्रीन दिसते कुठे?) निवडक चाळीस गाणी चढवली.

खरी फजिती स्टेजवर झाली. डावीकडे २० मीटरवर जांभ्याचा उभा कडा. ठोका तिथं जाऊन परत येतो, म्हणजे ४० मीटर. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या वेगाला एवढ्यात पाव ठोका निघून जातो. मी बाहेरच्या आवाजावर कान ठेवून दोन गाणी जुळवत होतो आणि हेडफोन काढला की सगळं लंगडं वाटायचं. पिच (गाण्याचा वेग बदलायची पट्टी) उगाच हलवत बसलो. शेवटी साउंडवाला दादा मागून आला, बूथ मॉनिटर (डीजेच्या जवळचा, त्याच्यासाठीचा स्पीकर) वाढवला आणि म्हणाला, "फक्त ह्याच्यावर वाजव. कडा विसर." हळदीत स्पीकर टेम्पोत, मी त्याला खेटून. तिथं हा प्रश्नच नसतो.

मग हात सुटला. हळदीत दोन मिनिटांत गाणं बदललं नाही तर काका लोक कन्सोलवर येतात. इथं कुणी फर्माईश करत नाही, लोक वाट बघतात. मी किक (खालचा जड ठोका) काढली आणि ३२ ठोके नुसता पॅड (मागचा लांब सूर) सोडला. बरोबर १५ सेकंद, पण वर उभ्या माणसाला ते केवढे लांब वाटतात! समोर चपला हातात धरून नाचणारा एक माणूस डोळे मिटून जागच्या जागी थांबला. किक परत आली तशी एक चप्पल वाळूत पडली आणि त्यानं ती उचललीसुद्धा नाही.

खाली उतरलो तर आबा आलेला. आयुष्यभर दशावतारात पखवाज वाजवलेला माणूस.

"मेल्या, गाणा खंय होता ह्याच्यात?"

मी हसलो.

"ता जाव दे. पण सम चुकवलंस नाय."

दुसऱ्या दिवशी पिंगुळीत हळद होती. नवरदेवाच्या मामानं पाचव्या मिनिटाला फर्माईश केली. लावली, पण आधी ३२ ठोके थांबवलं. मामाला ते फार जड गेलं.