तुम्ही विचारलंत म्हणून: ती माणसं हरतात कुठे?

प्रश्न साधारण असा असतो: 'तुम्ही त्या जाडजूड जुन्या कादंबऱ्या पुन्हापुन्हा का वाचता? सगळ्यांत तेच. साध्या घरातलं हुशार पोर शहरात येतं, मोठं व्हायला बघतं आणि शेवटी तोंडावर आपटतं. उदास नाही का वाटत?' विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले असतात. आवाजात थोडी काळजी असते. माझी नाही, स्वतःचीच असावी.

उदास वाटतं, खोटं कशाला बोलू. पण 'तोंडावर आपटतं' हे मला पटत नाही. ते आपण कुठेतरी सारांशात वाचलेलं असतं. कादंबरी उघडली की दिसतं, यातल्या बऱ्याच जणांना हवं ते मिळालेलं असतं.

रास्तिन्याकचंच घ्या. बाल्झाकची ही कादंबरी १८३५ची, म्हाताऱ्या गोरिओची. रास्तिन्याक कायदा शिकायला पॅरिसला आलेला, एका कळकट बोर्डिंगात राहणारा. त्याच बोर्डिंगातला गोरिओ दोन मुलींना बड्या घरांत देऊन स्वतः कफल्लक झालेला. त्याच्या अंत्यविधीला मुली येत नाहीत. अंत्ययात्रेमागून जावयांच्या दोन घोडागाड्या येतात, दारांवर घराण्याची चिन्हं रंगवलेल्या आणि आत कुणीच नसलेल्या. खड्डा खणणाऱ्यांना बक्षिशी द्यायला रास्तिन्याकच्या खिशात काही नसतं. तो बोर्डिंगच्या नोकराकडून वीस सू, म्हणजे चिल्लरच, उसने घेतो. मग टेकडीवरच्या दफनभूमीतून, दिवे लागत चाललेल्या पॅरिसकडे बघत, शहराला आव्हान देतो: आता तू आणि मी. हे आव्हान सगळ्यांच्या लक्षात असतं. त्याच्या पुढची ओळ फारशी कुणाला आठवत नाही. आव्हान देऊन झाल्यावर तो जेवायला जातो, आणि जातो गोरिओच्याच मुलीकडे. पुढे बाल्झाकच्या दुसऱ्या कादंबऱ्यांत तो मंत्रीही होतो. याला आपटणं म्हणायचं असेल तर आपटायला रांग लागेल.

किंवा जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च'मधला डॉक्टर लिडगेट. सत्ताविशीत एका आडगावी येतो तो शरीररचनेतलं काहीतरी मूलभूत शोधून काढायचं म्हणून. लग्न होतं, फर्निचर येतं, उधारी चढते. शेवटी काय होतं? त्याचा धंदा उत्तम चालतो. ऋतूप्रमाणे कधी लंडनला, कधी युरोपातल्या हवापालटाच्या गावी, श्रीमंत रोगी, भरभक्कम विमा. ग्रंथही लिहितो, गाउट नावाच्या सांधेदुखीवर, कारण तो बड्या लोकांचा आजार. पन्नाशीत जातो. लोकांच्या लेखी यशस्वी माणूस. तो मात्र स्वतःला वाया गेलेला समजतो आणि एकदा बायकोला म्हणतो, तू माझं तुळशीचं रोप आहेस. खून झालेल्या माणसाच्या मेंदूवर ते झाड छान वाढतं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तर माझं म्हणणं एवढंच की या पुस्तकांतला भ्रमनिरास न मिळाल्याचा कमी आणि मिळाल्याचा जास्त आहे. हरलेल्या माणसाला निदान 'संधी मिळाली असती तर' असं म्हणता येतं. मिळालेल्याची ती पळवाटही बंद होते.

हा माणूस एकोणिसाव्याच शतकात एवढा का दिसतो, यालाही कारण आहे. कॉर्सिका बेटावरून आलेला तोफखान्याचा एक अधिकारी, नेपोलियन, १८०४मध्ये फ्रान्सचा सम्राट झाला, हे साऱ्या युरोपने पाहिलं. १८१५मध्ये तो हरल्यावर जुने सरदार परत आले आणि दारं पुन्हा लागली, पण पोरांनी व्हायचं ते बघून घेतलं होतं. स्तांदालचा ज्युलियँ सोरेल लाकूड कापायच्या गिरणीवाल्याचा मुलगा. नेपोलियनचं चित्र गादीत लपवून ठेवतो आणि वरून पाद्रीपणाचा काळा झगा घालतो, कारण वर जायला आता तोच जिना उरला आहे. कादंबरी १८३०ची. त्याच्या मनात एक आणि तोंडावर एक, हे आपल्याला ढोंग वाटतं. मला ते ढोंग कमी आणि इंटरव्ह्यू जास्त वाटतो.

पण विचारलंत म्हणून खरं सांगते, माझं खरं पुस्तक डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. १८६०-६१मध्ये क्रमशः आलेलं. लोहाराच्या घरात वाढलेल्या पिपला कुणा अज्ञात दात्याची दौलत मिळते आणि तो लंडनला 'जेंटलमन' व्हायला जातो. त्याला वाढवणारा लोहार, नाव त्याचं 'जो', एकदा भेटायला येतो. पिप कबूल करतो की पैसे देऊन हे टाळता आलं असतं तर मी दिले असते. जो येतो, अवघडलेल्या कपड्यांत. टोपी कुठे ठेवावी कळत नाही, म्हणून फायरप्लेसवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो. ती पडते. तो झेलतो, परत ठेवतो, परत पडते. बोलणं चाललेलं असतं आणि त्याचा सगळा जीव त्या टोपीत. पिपला तो मधेच 'सर' म्हणतो. निघताना म्हणतो, मी या कपड्यांत चुकीचा दिसतो, भट्टीपाशी तसा दिसणार नाही. पिप भानावर येऊन मागे धावतो तोवर तो गेलेला असतो.

विशीत हे वाचताना मला जोचा राग आला होता. एक टोपी नीट ठेवता येऊ नये? पहिल्या नोकरीत असताना माझे वडील न कळवता ऑफिसात आले होते. मी खाली रिसेप्शनवरच त्यांच्याशी बोलले. वर नेलं नाही. लिफ्ट बिघडलीय, असं मीच म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या मागे लिफ्टचं दार उघडलं. ते काही बोलले नाहीत, उशीर होतोय म्हणाले आणि निघाले. त्यानंतर ते टोपीचं प्रकरण मला हसत वाचता आलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांना कुठे मिळतं? बरोबर. हार्डीचा ज्यूड (१८९५) दगड घडवता घडवता ग्रीक-लॅटिन शिकतो, कॉलेजात घ्या म्हणून पत्रं लिहितो. एकच उत्तर येतं: तुम्ही कामगार आहात, आपल्याच धंद्यात राहिलात तर जास्त यश मिळेल. ज्यूड त्या कॉलेजच्या भिंतीवर खडूने बायबलमधली ओळ लिहितो की मलाही तुमच्याइतकीच समज आहे. इथे माझा सिद्धांत कोलमडतो आणि मी तो कोलमडू देते. दार न उघडणं हा वेगळाच गुन्हा आहे, आणि तो ज्यूडचा नाही.

आणखी एक गैरसमज: लेखकांना महत्त्वाकांक्षेचा तिटकारा होता म्हणून ते असं लिहीत. छे! बाल्झाकने स्वतःच्या नावात सरदारी थाटाचा 'द' घुसवला, छापखाना काढून बुडवला आणि आयुष्यभर कर्ज फेडत लिहिलं. डिकन्स बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता, वडील कर्जापायी तुरुंगात. लहानपणी वडिलांबरोबर जाताना जे घर बघितलं होतं, तेच त्याने १८५६मध्ये विकत घेतलं. या लोकांना ती भूक आतून माहीत होती.

फिट्झजेराल्डच्या कादंबरीतला गॅट्सबी अमेरिकेतला आणि बराच नंतरचा, १९२५चा. पण त्याच्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. त्याचा खून झाल्यावर त्याचे वडील दूरच्या राज्यातून येतात. खिशात मुलाच्या बंगल्याचा फोटो, हाताळून हाताळून मळलेला, कोपरे चिरलेले. बंगल्यात उभे राहून ते लोकांना बंगल्याचा फोटो दाखवतात. मग पोराचं एक जुनं पुस्तक काढतात. मागच्या कोऱ्या पानावर त्याने लहानपणी लिहिलेलं वेळापत्रक: सहाला उठणं, डंबेल्सचा व्यायाम, विजेचा अभ्यास, उच्चारांचा सराव. खाली संकल्प. आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकणं, त्यातले पाच खोडून तीन केलेले. सगळ्यात शेवटी, आईवडिलांशी जास्त चांगलं वागणं. म्हातारा एकेक ओळ मोठ्याने वाचतो आणि समोरच्याकडे बघतो, जणू त्यानेही ती यादी उतरवून घ्यावी.

मी पहिल्या वाचनात खरंच उतरवून घेतली होती, वहीच्या मागच्या पानावर. शेवटची ओळ सोडून.