ऑपरेशन छातीचं, अभ्यास वहीतला

"ऑपरेशन छातीचं झालं होतं ना, मग अभ्यासाशी त्याचा काय संबंध?" बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या पालकसभेत आज बाईंनी माझ्या वहिनीला हे विचारले, आणि तेही अगदी आपुलकीने.

पुतण्या तान्हा असतानाच त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आता तो दुसरीत आहे. वाचतो खणखणीत, फळ्यावरची ओळ वहीत उतरवताना मात्र मध्येच थांबतो, आणि त्याने काढलेल्या त्रिकोणाची तिसरी रेघ पहिलीला मिळतच नाही. बाईंच्या लेखी हा आळस.

संबंध आहे. हृदयात गंभीर जन्मजात दोष असेल, तर गर्भातच मेंदूला प्राणवायू कमी पोचून त्याची वाढ मागे पडू शकते. पुढे शस्त्रक्रियेचा आणि अतिदक्षता विभागातल्या दिवसांचा ताण त्यात मिसळतो. अशा बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेतच असते, पण लक्ष टिकवणे, हाताचे बारीक काम, कामाची आखणी येथे अनेक जण अडखळतात. अशा जोखमीच्या मुलांच्या विकासाची तपासणी ठरावीक काळाने व्हावी, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच केली आहे.

आमच्याकडे मराठीच्या जोडीला कन्नडही शिकायची असल्याने सगळे खापर भाषेवर फोडून लोक मोकळे होतात, आणि मला तेच अधिक घातक वाटते.

वहिनीजवळच्या फायलीत इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) अहवाल, औषधांच्या मात्रा, दातांची काळजी घेण्याची सूचनासुद्धा आहे. विकासाच्या तपासणीबद्दल एक ओळ नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे ज्यांच्या मुलांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत, त्यांना ही तपासणी कोणी सुचवली होती का?