द्राक्षमळ्याखालचा समुद्र

आज फ्रान्सच्या शांपेन भागातल्या फ्लरी-ला-रिव्हिएर गावी जाऊन आलो. तिथे द्राक्षमळ्याखाली भुयार खोदून साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ उघडा केलाय. वाळूच्या भिंतीत आडवे पडलेले कँपनिले जायगँटियमचे शंख बघून पाय हलेनात. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब गोगलगाय! १८०४ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने तिचं वर्णन केलं होतं.

साडेचार कोटी वर्षांपूर्वी युरोपपासून थेट भारताच्या बाजूपर्यंत टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राचं उबदार पाणी होतं. कित्येक समुद्री शंखांच्या अळ्या आधी पाण्यात तरंगतात, प्रवाह नेईल तिकडे जातात आणि जमेल तिथे तळाशी बसतात. अशा समुद्रात कुळंच्या कुळं दूरवर पसरली. पुढे अरबस्तान आशियाला भिडलं, ती वाट बुजली.

आज कँपनिलेची एकच जात जिवंत आहे. कुठे? ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर! एवढ्या मोठ्या घराण्यातली एवढीच उरलेली, तिला जपायलाच हवं.

पर्थच्या मावसभावाला लगेच मेसेज केलाय: किनाऱ्यावर खडूसारखा पांढरा, लांबट, टोकदार शंख दिसला तर फोटो पाठव. आणि जिवंत असेल तर हात लावू नकोस.