बोलण्याचं बिल : आमची वाटचाल

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात घरात कुठलंही कार्य ठरवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद (कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठीची नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापन झाली, म्हणून ४ ते १० मार्च हा सुरक्षा सप्ताह. त्यातच ८ तारखेला महिला दिन. त्या सात दिवसांत चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, अंबड इथल्या कारखान्यांना एकाच वेळी वक्ता हवा असतो, आणि ११ तारखेला कुणालाच नको असतो. आमच्या धंद्यातली बहुतेक डोकेदुखी या एका वाक्यात आली.

आमची संस्था कारखान्यातल्या कामगारांसमोर सुरक्षितता आणि गुणवत्ता या विषयांवर बोलते, मराठीत आणि हिंदीत. बोलण्याचे पैसे घेते. हे दुसरं वाक्य लोकांना जड जातं. २०१८ मध्ये मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, ‘आता काय करणार?’ म्हटलं, ‘भाषणं देणार.’ त्या म्हणाल्या, ‘ते ठीक गं, पण पोटापाण्याचं काय?’ सगळ्या सल्लागारांत नेमका प्रश्न त्यांनीच विचारला होता.

नोकरीला कंटाळून सोडली असं नाही. आधी क्वालिटी, मग सेफ्टी, असा प्रवास करत पुढच्या बढतीत मी मुख्य कार्यालयात जाणार होते. तिथे दिवसभर एक्सेल आणि रिव्ह्यू. मला आवडायची ती शिफ्ट सुरू होतानाची दहा मिनिटं, जेव्हा पन्नासेक माणसं हेल्मेट काखेत घेऊन उभी असतात आणि तुम्ही त्यांच्याशी बोलता. बढतीत नेमकी तीच जाणार होती.

व्याख्यानाची परंपरा आपल्याकडे काही आजची नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. गावोगावी वाचनालयं, गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ व्याख्यानमाला चालवतात. मीही सुरुवातीला त्यात शिरले. शाल, श्रीफळ, पाकीट. पाकिटात कधी ५०० रुपये, कधी दोन हजार, कधी संस्थेची स्मरणिका. यात कुणाचा लबाडपणा नाही. ती माणसं स्वतः पदरमोड करून उपक्रम चालवतात. पण त्यावर ऑफिसचं भाडं निघत नाही, हे पहिल्याच वर्षी कळतं. व्याख्यानमालांनी दिलं ते वेगळंच. स्लाइड नसताना तासभर उभं राहायचं, आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांनी घड्याळ बघितलं की आपला मुद्दा लांबलाय हे ओळखायचं. वेळ पाळण्याची शिस्त मात्र टोस्टमास्टर्सची, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबची. तिथे पाच ते सात मिनिटांचं भाषण, पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. आणि तुम्ही किती वेळा ‘अं’ केलंत ते मोजायला एक माणूस नेमलेला. तिथे पैसे मिळत नाहीत, आपणच वर्गणी भरतो. तरी या धंद्यात येणाऱ्याने वर्षभर तरी तिथे जावंच.

खरी अडचण दराची होती. कारखान्यातून पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा परचेसवाल्याने विचारलं, ‘मॅडम, तासाचे किती?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘तासाला एवढे? आमचा क्रेनवाला एवढे घेत नाही.’ त्याचंही बरोबर होतं. तासाच्या हिशेबाने बोलायला बसलात की क्रेनशी तुलना होणारच. त्यानंतर आम्ही तास विकणं बंद केलं. आता कोटेशनमध्ये चार गोष्टी असतात: आदल्या दिवशी शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, फेरी, ऑपरेटरांशी गप्पा, दुसऱ्या दिवशी भाषण, आणि नंतर सुपरवायझरांसाठी अर्ध्या पानाचं टिपण. या सगळ्याचे मिळून २५ हजार, जीएसटी आणि प्रवास वेगळा. घासाघीस अजूनही होते, पण ‘फेरी काढून टाका, पाच हजार कमी करा’ म्हणणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो. फेरी काढली तर आमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

कारण मजकूर फेरीतच सापडतो. प्रेस शॉपचंच घ्या, जिथे पत्रा दाबून सुटे भाग बनवतात. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही एकाच वेळी दाबली तरच ठोका पडतो. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर. जुन्या मशीनवर ऑपरेटर एक बटण पाचर ठोकून किंवा रबराने कायमचं दाबून ठेवतो. बाहेरचा वक्ता येतो आणि सांगतो, ‘घरी तुमची मुलं वाट बघतायत.’ सगळे मान हलवतात, आणि जेवणानंतर पाचर परत जागेवर. मी आधी भिंतीवरचा टार्गेट बोर्ड बघते. तासाला ६०० नगांचं टार्गेट असेल आणि पाचर मारल्याने नगामागे एक सेकंद वाचत असेल, तर तासाला दहा मिनिटं वाचतात. म्हणजे चहा, तंबाखू, लघवी. ज्याने ही दहा मिनिटं कमावली आहेत त्याला मुलांची आठवण करून देणं हा त्याचा अपमान आहे. त्यामुळे मी भाषणात हाच हिशेब फळ्यावर मांडते, प्लँट हेड समोर बसलेले असताना. पहिल्यांदा मांडला तेव्हा शांतता पसरली, आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. तिथून पुढचा अर्धा तास कामगार बोलत होते आणि मी ऐकत होते. आमचा निम्मा धंदा त्या भाषणाच्या तोंडी जाहिरातीवर उभा आहे. एका कंपनीने मात्र तो फळा बघून आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही.

भाषणाचा साचा मी नारदीय कीर्तनातून उचलला. पूर्वरंगात विषय, उत्तररंगात एकच आख्यान. माझे आजोळचे एक नातेवाईक कीर्तन करायचे; त्यांना बिदागी ठरवताना कधी संकोच झालेला मी पाहिला नाही, ही त्यांची आणखी एक शिकवण. आख्यान एकच आणि याच कारखान्यातलं हवं, हे मी स्वतःवर घातलेलं बंधन. आमच्या क्षेत्रात दर दुसरा वक्ता तो पिरॅमिड दाखवतो: एक मोठा अपघात, २९ किरकोळ, ३०० अगदी थोडक्यात टळलेले. हे गुणोत्तर अमेरिकेतल्या हाइनरिख यांनी १९३१ मध्ये मांडलं आणि त्यामागची मूळ कागदपत्रं अभ्यासकांना मिळालेली नाहीत. मी ते दाखवत नाही. निखाऱ्यांवर चालवणं, काच फोडायला लावणं हेही करत नाही. सेफ्टीच्या कार्यक्रमात माणसांना निखाऱ्यांवर चालवायचं, यातला विनोद आयोजकांच्या लक्षात कसा येत नाही, देव जाणे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण नवीन येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. सेवा पुरवणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण मोठ्या कंपनीचा व्हेंडर फॉर्म नंबराशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून आम्ही ती आधीच घेतली. १८ टक्के लावतो, कंपनीला त्याचा क्रेडिट मिळतो, म्हणजे तो तिच्या करातून वजा होतो, कुणाचं काही जात नाही. फीमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. तो परताव्यात येईपर्यंतचे महिने धरून हातात पैसे ठेवावे लागतात. सगळ्यात उपयोगी पडली ती उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ऑनलाइन होते, फुकट होते. २००६ च्या कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. हा कायदा बरीच वर्षं कागदावरच होता. एका बड्या कंपनीने आमचे पैसे सहा महिने थकवले, तेव्हा त्याचा उल्लेख केल्यावर अकाउंट्समधला मुलगा हसला होता. २०२३-२४ पासून आयकरात तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. तेव्हापासून मार्चअखेरीला अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. आमच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक अक्षरांत छापलेला असतो.

२०२० चा सुरक्षा सप्ताह टाळेबंदीच्या जेमतेम आधी पार पडला. नंतर काहीच नाही. इतर ट्रेनर झूमवर गेले. आमचा श्रोता झूमवर नव्हता, तो मशीनवर होता किंवा गावी गेला होता. कारखाने सुरू होताना एका ओळखीच्या सेफ्टी ऑफिसरने विचारलं, ‘तुमचा आवाज तरी पाठवा, शिफ्टच्या आधी स्पीकरवर लावतो.’ गोधडीखाली बसून मोबाइलवर तीन मिनिटांची ध्वनिफीत केली. मग दर आठवड्याला एक. आता टूलबॉक्स टॉकसाठीच्या (शिफ्टआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बोलण्यासाठीच्या) या फिती महिन्याच्या वर्गणीवर जातात. मार्च सोडून उरलेल्या अकरा महिन्यांचं भाडं आणि पगार त्यातून निघतात. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्या गोधडीखाली मिळालं. (रेकॉर्डिंग अजूनही बऱ्यापैकी घरगुती आहे. स्टुडिओत एकदा करून पाहिलं, कामगारांनी सांगितलं की रेडिओसारखं वाटतं, लक्ष जात नाही.)

आज आम्ही तिघं बोलतो आणि एक जण कार्यालय सांभाळतो. दुसरे वक्ते अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले शिफ्ट सुपरवायझर. त्यांना बोलायला लावायला मला फार गोड बोलावं लागलं. ‘मी काय भाषण करणार, मी आयुष्यभर नुसता ओरडलो,’ म्हणायचे. मी म्हटलं, काका, ओरडू नका, पण तेच सांगा. मशीन शॉपमध्ये त्यांच्याइतकं ऐकून घेतलं जाणारं माणूस मी पाहिलं नाही. तिसरी एक तरुण इंजिनिअर. नाइट शिफ्टची भाषणं आणि हिंदी तिच्याकडे. हिंदी आता टाळता येत नाही. नोकरीत होते तेव्हा शॉप फ्लोअर जवळजवळ पूर्ण मराठी होता. आता चाकणमध्ये कंत्राटी पोरांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचीच जास्त भेटतात. ‘मराठीतून बोलणारे’ ही आमची सुरुवातीची ओळख होती आणि ती मला प्रिय आहे, पण ज्याच्या बोटाला धोका आहे त्याला समजलं नाही तर त्या ओळखीचं करायचं काय?

मार्चची कोंडी मात्र सुटलेली नाही. त्या आठवड्यात दर वाढवून पाहिला. मोठ्या कंपन्यांनी दिला, छोटे कारखाने गळाले, आणि अपघाताची जास्त भीती छोट्यांकडेच असते. म्हणून आता छोट्यांना जुन्या दराने फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा देतो. काही मालक तयार होतात. काहींना बॅनरवर सप्ताहाची तारीखच हवी असते, कारण फोटो मूळ कंपनीला पाठवायचा असतो. त्यांच्याशी वाद घालत नाही.

सध्या दोन कारखान्यांनी ध्वनिफिती ओडियातून मागितल्या आहेत. एका अनुवादकाकडून नमुना करून घेतला. पोरांनी ऐकला आणि म्हणाली, शब्द कळतात, पण हा माणूस कधी प्रेसवर उभा राहिलेला नाही. त्यामुळे मशीनवर काम केलेला, ओडिया बोलणारा आणि चार लोकांसमोर तोंड उघडणारा माणूस शोधतोय. कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. पहिल्या फितीपासून पैसे देऊ.