मीटर लावण्याआधीची कामे: व्हिडिओ प्रोसेसर आणि प्रोजेक्टरची जुळवणी

घरच्या सिनेमाच्या साखळीत वेगळा व्हिडिओ प्रोसेसर, म्हणजे प्लेअर आणि प्रोजेक्टर यांच्यामध्ये बसून चित्रावर प्रक्रिया करणारे यंत्र, आला की सर्वांत आधी प्रोजेक्टरमधल्या बऱ्याच गोष्टी बंद कराव्या लागतात. आमच्याकडे लुमाजेनचा रेडियन्स प्रो आणि त्यापुढे लेसरवर चालणारा ४के प्रोजेक्टर अशी रचना आहे. या रचनेत प्लेअर, प्रोसेसर आणि प्रोजेक्टर या तिघांनाही चित्र मोठे करता येते, धार वाढवता येते, रंग बदलता येतात आणि एचडीआरची, म्हणजे नेहमीच्या चित्रापेक्षा (एसडीआरपेक्षा) उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेल्या चित्राची, चमक आवरताही येते. एकाच भाजीत तिघांनी मीठ घालावे, तसा प्रकार इथे सहज होऊन जातो. म्हणून कोणते काम कोणाकडे राहील हे आधी कागदावर ठरवावे आणि मगच पडद्यावरचे रंग मोजणारा मीटर हातात घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्लेअरकडून डिस्कवर आहे तसाच सिग्नल घ्यावा, म्हणजे ज्या रिझोल्यूशनचा आणि ज्या गतीचा तो असेल त्याच स्वरूपात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा असताना प्लेअर तो ६० हर्ट्झवर पाठवत असेल, तर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे फिरत असताना तो अडखळ स्पष्ट जाणवतो. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या बहुतेक १०८०आय ५० या स्वरूपात येतात. त्यांतल्या अर्ध्या-अर्ध्या ओळी जोडून पूर्ण फ्रेम बांधण्याचे काम सेट-टॉप बॉक्सपेक्षा प्रोसेसर सहसा अधिक चांगले करतो, पण त्यासाठी बॉक्सने सिग्नल स्वतः न बदलता पुढे पाठवला पाहिजे. जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी मात्र कुठल्याही प्रोसेसरच्या आवाक्याबाहेर आहेत. ३५२ × २८८ बिंदूंचे ते चित्र ४:३ आकारात ४के पडद्याच्या पूर्ण उंचीवर दाखवायचे, तर मूळच्या प्रत्येक बिंदूमागे सुमारे ६१ बिंदू भरावे लागतात, आणि मुळात नसलेला तपशील कोणीही आणू शकत नाही.

यानंतरची पायरी सिग्नलच्या पल्ल्याची. व्हिडिओमध्ये काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणकाच्या जगात हाच पल्ला ० ते २५५ असतो. प्रोसेसर एक पल्ला पाठवत असेल आणि प्रोजेक्टर दुसरा समजत असेल, तर सावल्यांचा कोळसा होतो किंवा काळ्या जागी राखाडी पडदा येतो. हा घोळ पुढच्या कुठल्याही मोजमापाने सुटत नाही. काळ्या पट्ट्यांचा टेस्ट पॅटर्न लावून १७ ची पट्टी जेमतेम दिसावी आणि १६ ची पट्टी पार्श्वभूमीत विरून जावी, इतकी ब्राइटनेसची जुळवणी डोळ्यांनी करता येते. प्रोसेसरमधले अंगचे पॅटर्न सोयीचे असले, तरी त्यांनी फक्त प्रोसेसरपासून पुढचा भाग तपासला जातो. म्हणून प्लेअरसाठी डिस्कवरचा पॅटर्न वेगळा लावून पाहावा.

रंगांच्या मोजणीआधी प्रोजेक्टर किमान अर्धा तास चालू ठेवावा. लेसरची पातळी, लेन्सचे अपर्चर आणि झूम हे तिन्ही आधीच कायम करावेत, कारण यांतले काहीही नंतर हलवले की प्रकाश बदलतो आणि बहुधा पांढऱ्याची छटाही सरकते. कलरीमीटर, म्हणजे रंग मोजणारा मीटर, पडद्याकडे तोंड करून, स्वतःची सावली मोजणीच्या जागी पडणार नाही असा ठेवावा. त्याचे वाचन प्रकाशस्रोताच्या प्रकारानुसार थोडे चुकते, त्यामुळे शक्य असल्यास ते स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशाचे घटक वेगवेगळे मोजणाऱ्या अधिक अचूक उपकरणाशी ताडून घ्यावे. पांढऱ्याचे लक्ष्य डी६५ ही व्हिडिओतली प्रमाण पांढरी छटा, म्हणजे रंगांच्या आलेखावर एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. तिथे पोहोचण्यासाठी जो रंग जास्त आहे तो कमी करावा. कमी असलेला वाढवायला गेले की उजळ भागात तो रंग कमाल मर्यादेला टेकतो आणि ढगांचा तपशील नाहीसा होतो. एवढे प्रोजेक्टरच्या मेनूत करून बाकीचे सगळे प्रोसेसरच्या थ्रीडी लटवर, म्हणजे येणाऱ्या रंगाच्या जागी कोणता रंग पाठवायचा हे सांगणाऱ्या तक्त्यावर, सोपवावे. रेडियन्समध्ये हा तक्ता १७ × १७ × १७, म्हणजे ४९१३ बिंदूंचा असतो, आणि कॅलमन किंवा कलरस्पेस यांसारखे सॉफ्टवेअर मीटरच्या वाचनावरून तो भरते. प्रोजेक्टरमधली रंगांची स्वतंत्र नियंत्रणे मी शून्यावरच ठेवतो, कारण त्यांच्या अंतर्गत गणिताने रंगांच्या छटांमध्ये पायऱ्या पडल्या, तर त्या लटने भरून निघत नाहीत.

प्रोसेसरवर झालेला खर्च खरा कामी येतो तो एचडीआरमध्ये. सिग्नलच्या कोणत्या आकड्याला किती उजेड हे ठरवणारा, २०१४ साली प्रमाणित झालेला एचडीआरचा पीक्यू वक्र १०,००० निट्सपर्यंतचा (निट हे चमक मोजण्याचे एकक) हिशेब ठेवतो, चित्रपट बहुधा १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर तयार होतात, आणि आमच्या पडद्यावर पूर्ण पांढरा जेमतेम ६० निट्स भरतो. चित्रपटगृहातले नेहमीचे प्रमाणही ४८ निट्सच आहे. ही दरी एकाच ठरावीक वक्राने बुजवायची, तर एक तर दिवसाची दृश्ये मंद होतात किंवा दिव्यांचे आणि आकाशाचे तपशील जातात. प्रोसेसर दृश्यातली चमक सतत मोजून वक्र बदलत राहतो, त्यामुळे गुहेतला प्रसंग आणि भर उन्हातले मैदान या दोघांनाही आपापला उजेड मिळतो. निघालेले चित्र तो गॅमा २.४ (एसडीआरचा उजेडाचा वक्र) आणि बीटी.२०२० या विस्तृत रंगपल्ल्याच्या रंगांत, साध्या एसडीआरच्या रूपात पुढे पाठवतो. प्रोजेक्टरचा स्वतःचा एचडीआर मोड त्यामुळे कधीच लागत नाही, आणि एचडीआर चित्रपटांसाठीही प्रोजेक्टर एसडीआरसारखाच मोजता येतो.

एवढे करूनही आमच्या खोलीत काळा रंग हवा तितका खोल नव्हता, आणि त्याचे कारण यंत्रांत नव्हते. पांढऱ्या छतावरून परतणारा उजेड उजळ दृश्यांत पडद्याच्या काळ्या भागावर पडत होता. छताचा पडद्याजवळचा भाग गडद, चमक नसलेल्या रंगात रंगवून घेतल्यावर जो फरक पडला, तो कुठल्याही मेनूत मिळाला नसता, आणि खर्चही रंगाच्या एका डब्यापुरताच आला. घरातल्यांची मान्यता मिळवणे हे त्यातले सर्वांत अवघड काम होते. भिंतींच्या बाबतीत ती अजून मिळालेली नाही, म्हणून तिथे सरकते गडद पडदे लावले आहेत. मोजणी करताना ते ओढलेले असावेत, कारण चित्रपटही आम्ही ते ओढूनच पाहतो.