टिकाल, आग्वातेका, सेइबाल: माया शहरांचे तीन वेगवेगळे शेवट

माया संस्कृती कशामुळे लयाला गेली, याचं एकच उत्तर मिळेल अशा अपेक्षेने ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतात गेलात, तर तिथली शहरं तुम्हाला एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी सांगतात. टिकालचा दम हळूहळू सुटला. आग्वातेका एका हल्ल्यात जळालं. सेइबाल तर आजूबाजूचं सगळं कोसळत असताना नव्याने उभं राहिलं आणि मग संपलं. ही तिन्ही ठिकाणं एकाच सहलीत आरामात बघून होतात. तरी बहुतेक लोक टिकालचा सूर्योदय पाहून, फोटो काढून माघारी फिरतात. तसं करू नका, एवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

मी ह्यूस्टनला राहतो. तिथून ग्वाटेमाला सिटीला थेट विमान आहे, तीनेक तासांचं. पालघरहून आलेली माझी मावशी सोबत होती. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई, त्यामुळे जंगलात माझ्यापेक्षा तिचाच जास्त उपयोग झाला. भारतीय पासपोर्ट असेल तर दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाकडे व्हिसाचे चालू नियम विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. ग्वाटेमाला सिटीहून पुढे फ्लोरेसला तासाभराचं विमान किंवा रात्रभराची बस. मावशी बरोबर असल्याने आम्ही विमानच घेतलं. पन्नाशीच्या पुढच्यांनी तेच करावं.

फ्लोरेस हे पेतेन इत्झा तलावातलं छोटं बेट. रस्त्याच्या एका पट्टीने ते सांता एलेनाला जोडलंय. मुक्काम इथेच करा. एटीएममधून पैसे इथेच काढा, कारण पुढे जंगलात आणि बोटवाल्यांकडे रोख केत्साल, म्हणजे इथलं चलन, तेवढंच चालतं. या बेटाबद्दल आणखी बोलायचंय, पण ते टिकालनंतर.

टिकाल फ्लोरेसपासून साधारण पासष्ट किलोमीटर. तिकिटाचे दर आणि ते कुठे काढायचं याची पद्धत बदलत असते, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात विचारून ठेवा आणि पासपोर्ट जवळ बाळगा. पहाटेच्या सूर्योदयासाठी वेगळं तिकीट आणि अधिकृत गाइड लागतो. माझं स्पष्ट मत, त्या तिकिटाचा हट्ट धरू नये. पहाटे जंगलावर बहुधा धुकं असतं, सूर्य दिसतच नाही. सकाळी सहाला दार उघडताच आत शिरा. गर्दी नसते, हाऊलर माकडांच्या डरकाळ्या ऐकू येतात आणि ऊन चढायच्या आत चढण उरकते. पहिल्या क्रमांकाच्या देवळावर चढायला बंदी आहे. दुसऱ्या आणि चौथ्यावर लाकडी जिन्याने जाता येतं. चौथं देऊळ सुमारे ६५ मीटर उंच आहे. वरून खाली नुसतं हिरवं रान आणि त्यातून डोकं काढलेले तीन दगडी कळस दिसतात.

आता ते रान तुम्हाला फसवतं. वरून पाहताना वाटतं, घनदाट अरण्यात कुणीतरी देवळं बांधली. प्रत्यक्षात आठव्या शतकात इथलं बरंचसं अरण्य तोडलेलं होतं. २०१८ साली विमानातून लेसरने केलेल्या पाहणीत उत्तर ग्वाटेमालाच्या सुमारे २१०० चौरस किलोमीटरमध्ये ६० हजारांहून अधिक बांधकामं दिसली. घरं, बांध, कालवे, रस्ते, तटबंद्या. त्यावरून संशोधकांनी मध्य सखल प्रदेशाची त्या काळची लोकसंख्या सत्तर लाख ते एक कोटी दहा लाखांच्या घरात धरली. एवढ्या माणसांना मका, सरपण आणि चुना लागायचा. चुना तर पदोपदी. मका चुन्याच्या पाण्यात भिजवल्याशिवाय त्याची तॉर्तिया, म्हणजे तिथली भाकरी, होत नाही, आणि देवळं, चौक, तळी सगळं चुन्याने गिलावलेलं. चुनखडी भाजायला लाकूड किती जळत असेल, विचार करा.

मुख्य चौकाकडे जाताना मावशी एका झाडापाशी थांबली. खोडावर कोयत्याच्या जुन्या तिरप्या खाचा होत्या, एकीखाली एक, वरपर्यंत गेलेल्या. पानं चाळून ती म्हणाली, "अरे, हा आपला चिकू." गाइडने मान डोलावली. ‘चिकोसापोते’. चुइंगमसाठी चीक काढणाऱ्यांनी त्या खाचा पाडलेल्या. घोलवड-डहाणूच्या वाड्यांतला चिकू मुळात याच भागातला. स्पॅनिश लोकांबरोबर तो फिलिपाइन्सला गेला आणि तिथून आपल्याकडे आला. वाडीत छाटून बुटका ठेवलेला चिकू पाहिलेल्या माणसाला हा सरळसोट उंच वृक्ष ओळखूच येत नाही. मावशीने सालीवर हात फिरवला, गळून पडलेलं एक कच्चं फळ फोडून चीक बोटाला लावून पाहिला, आणि मग त्या झाडाभोवतीच आमचा अर्धा तास गेला.

तो वाया गेला नाही, कारण टिकालच्या ऱ्हासाचा एक ठोस पुरावा याच लाकडात आहे. देवळांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या होत्या. लोखंडासारखं जड लाकूड, वाळवी लागत नाही, बाराशे वर्षं टिकलंय. तुळयांचे नमुने तपासल्यावर लक्षात आलं की इ. स. ७४१च्या सुमारास, म्हणजे चौथं देऊळ बांधून होईपर्यंत, मोठाले चिकू वापरात होते. त्यानंतर कारागीर पतंगीच्या झाडासारख्या रंग देणाऱ्या एका वाकड्यातिकड्या, कोरायला अवघड लाकडाकडे वळले. पुढे ८१०च्या आसपास चिकू परत येतो, पण तुळया आधीपेक्षा बारीक. मोठी झाडं संपली होती. चौथ्या देवळाची सर्वात देखणी कोरीव तुळई आज स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात आहे, ती जागेवर शोधू नका.

दुसरा पुरावा पायाखाली आहे. टिकालला नदी नाही, झरा नाही, भूजल फार खोल. डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पाऊस जवळजवळ नसतोच. म्हणून सगळे गिलावा केलेले चौक किंचित उतरते ठेवून पावसाचं पाणी तळ्यांत सोडलेलं. आज ती तळी झाडीने भरलेले खड्डे दिसतात. गाइडला ‘पॅलेस रिझर्व्हॉयर’ दाखवायला मुद्दाम सांगा, नाहीतर तो पुढे निघून जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत राजवाड्याजवळच्या आणि देवळाजवळच्या तळ्यांच्या गाळात पारा आणि विषारी शेवाळाचे अंश सापडले. पारा आला हिंगुळातून, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजातून. भिंती, मूर्ती, थडगी रंगवायला तो लाल रंग सढळ हाताने वापरत, आणि पावसाने तो धुऊन पिण्याच्या पाण्यात जाई. गावकुसाकडच्या एका तळ्यावर मात्र झिओलाइट (पाणी गाळणारं एक खनिज) आणि वाळूचा गाळणीचा थर होता, तिथलं पाणी चांगलं राहिलं. म्हणजे अगदी राजघराण्याच्या वापरातलं पाणीच नासलं होतं.

त्यावर दुष्काळ. उत्तरेला मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या चिचानकानाब तलावाच्या गाळात जिप्समचे थर सापडतात. पाणी आटलं की असे थर बसतात. त्यांच्या अभ्यासातून त्या काळात वार्षिक पाऊस जवळपास निम्म्याने घटल्याचा अंदाज आहे. मला हा पुरावा भक्कम वाटतो, पण ‘दुष्काळ पडला, माया संपले’ हे वाक्य मला पटत नाही. उत्तरेला युकातानमध्ये पाऊस मुळातच कमी, तरी उश्मल आणि चिचेन इत्झा दक्षिणेतली शहरं ओस पडत असताना बहरली. पाऊस देवांकडून आणून देतो असा ज्या राजाचा दावा होता, त्याच्यावरचा लोकांचा विश्वास पाऊस हटल्यावर किती टिकणार? माझ्या मते दक्षिणेत आधी राजेपद कोसळलं, माणसं नंतर पांगली. टिकालच्या ज्या हासाव चान काविल राजाने ६९५ साली कालाकमुल या प्रतिस्पर्धी माया शहराचा पराभव केला, त्याचं थडगं पहिल्या देवळाखाली आहे. आणि त्याच चौकात टिकालचा शेवटचा तारीखवार शिलालेख, ११ क्रमांकाचा स्तंभ, इ. स. ८६९चा. पुढे शिलालेख नाहीत. राजवाड्यांच्या खोल्यांत चुली मांडून काही कुटुंबं त्यानंतरही राहिली.

टिकालसाठी पूर्ण दिवस ठेवा. दोन-तीन लिटर पाणी, डासांचं औषध (डेंग्यू आहे), घट्ट पकडीचे बूट. चुनखडीच्या पायऱ्या ओल्या असल्या की फार निसरड्या होतात. फेब्रुवारी-मार्च उत्तम, एप्रिलमध्ये उकाडा असह्य.

आता सायाशचे. हे नदीकाठचं गाव फ्लोरेसच्या नैऋत्येला. इथे पर्यटक कमी, सोयी साध्या, इंग्रजी जवळपास नाही. बोटवाल्याशी भाव आधी ठरवा, आणि थांबण्याचा वेळ धरूनच ठरवा. आग्वातेकाला पेतेशबातुन सरोवरातून बोटीने जायचं. हा प्रवासच सुंदर आहे, दोन्ही काठांवर बगळे, खंड्या आणि पाण्यात उतरलेली मुळं.

आग्वातेका कड्यावर आहे, आणि मधोमध जमिनीला एक खोल भेग गेलीय. त्या भेगेत उतरून चालता येतं. आत दमट गारवा, भिंतींवर शेवाळ, वर आभाळाची चीर. याच भेगेच्या आणि तटाच्या भरवशावर दोस पिलास या जवळच्या माया शहराचं राजघराणं इथे येऊन राहिलं. दोस पिलासची अवस्था ७६१नंतर अशी झाली की मागे राहिलेल्यांनी देवळांचे आणि राजवाड्याचे दगड उपसून चौकातून आडव्यातिडव्या भिंती घातल्या. आग्वातेकातही घाईघाईत रचलेल्या तटाच्या रांगा आजही पायाला लागतात. इ. स. ८१०च्या सुमारास शत्रूने मध्यवस्ती जाळली. उत्खननात राजवाडा जवळजवळ रिकामा सापडला. राजाचं कुटुंब आधीच निघून गेलं असावं. शेजारच्या सरदारांच्या आणि लेखनिकांच्या घरांत मात्र सगळं जागच्या जागी होतं. मडकी, पाटे, रंगाच्या खली, आरसे. घरचे लोक जेवणाखाणाचं सोडून पळाले, किंवा धरले गेले. एक मोठं देऊळ अर्धवट राहिलंय. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "राजा निघून गेला नि गवंडी कामावरच राहिले." इथे दुष्काळाची गरज लागत नाही. शेजाऱ्यांच्या वैरानेच घात केला.

सेइबालला सायाशचेहून बोटीने किंवा रस्त्याने जाता येतं. बोट महाग पडते, गाडी पुरे. चालणं सपाट आहे, ज्येष्ठांना हेच ठिकाण सर्वात सोयीचं. बघायचं ते ए-३ नावाच्या छोट्या देवळाभोवतीचे स्तंभ. चार दिशांना चार आणि एक आत, सगळे इ. स. ८४९चे. टिकालमध्ये तेव्हा राजाला धड स्तंभ उभारणंही जमत नव्हतं. इथला राजा मात्र यातल्याच १० क्रमांकाच्या स्तंभावर मिशीसकट कोरलेला, चेहरेपट्टी जुन्या माया राजांपेक्षा वेगळी. त्यावरच्या शिलालेखात टिकाल, कालाकमुल आणि मोतुल दे सान होसे इथले पाहुणे समारंभाला आल्याची नोंद आहे. कोरीवकाम इतकं टवटवीत आहे की दगडावरची नखंसुद्धा दिसतात. सकाळी नऊच्या आत जा, तिरप्या उजेडात अक्षरं उठून येतात. शतक संपता संपता सेइबालही थंडावलं.

खाण्याचं सांगतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. काळ्या घेवड्याची उसळ, तॉर्तिया, अंडी, तळलेली केळी सगळीकडे. फक्त उसळीत डुकराची चरबी असू शकते, म्हणून ‘सिन मान्तेका’ (चरबीशिवाय) म्हणायला शिका. चिपिलिन या पालेभाजीची पानं घातलेले तामालितो (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) दिसले तर सोडू नका. त्यातही चरबी आहे का ते विचारा.

परत फ्लोरेसला आल्यावर एक दिवस हाताशी ठेवा. तुम्ही ज्या बेटावर झोपता तेच नोहपेतेन, इत्झा मायांची राजधानी. टिकाल ओस पडल्यावर आठशे वर्षांनी, १३ मार्च १६९७ रोजी, स्पॅनिश फौजेने ते घेतलं. तोपर्यंत इथे माया राजा होता, देवळं होती, माया पंचांग मोजलं जात होतं. त्या वेळी आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते, इतका अलीकडचा काळ. बेटावर त्या राजधानीचं वर दिसणारं काही उरलेलं नाही. टेकाडावरच्या चर्चपर्यंत चढून जा आणि तलावाकडे बघा, म्हणजे ही जागा का निवडली ते कळतं.

मग लांचाने, म्हणजे छोट्या बोटीने, तलावाच्या उत्तर काठावरच्या सान होसेला जा. इत्झा भाषा बोलणारी मोजकी वयस्कर माणसं तिथे उरलीयत. सायाशचेच्या बाजारात तर चहूकडे केक्ची ही दुसरी माया भाषाच कानावर पडते. ग्वाटेमालात आजही २२ माया भाषा आहेत. गाइड निवडताना स्थानिक माया गाइड मागा. आमच्या सेइबालच्या गाइडला ‘माया नाहीसे झाले’ हे पर्यटकांचं वाक्य अजिबात आवडत नव्हतं. तो घरी आईशी केक्चीत बोलतो, शेतात मका लावतो. पैसे टिपसकट त्याच्याच हातात द्या, आणि पावसाळ्यात जाणार असाल तर त्याला आधी फोन करून रस्त्याची चौकशी करा, जून ते ऑक्टोबर तिथला चिखल गाडीला सोडत नाही.