तणांवरून जमीन: पाच गुंठ्यांचा तुकडा, श्रावणअखेरची मोजणी

कुठलं तण कुठे माजतं त्यावरून जमीन ओळखायची, म्हणून ही तणांची मोजणी. आषाढातली रद्द धरली आहे. पहिल्या पावसावर उगवलेलं तण मातीत कुठलं बी पडून होतं एवढंच सांगतं. त्यातलं कोण टिकलं, कोण माजलं, ते श्रावणअखेर दिसतं. चार खुंट्या आणि सुतळीची 1 मीटर बाय 1 मीटर चौकट नागमोडी चालीनं दहा ठिकाणी ठेवली. बांधालगत दोन हात सोडले. तिथली माती वेगळी असते.

वरच्या उतारावर कुसळी आणि तरवड, म्हणजे माती उथळ. कुदळ वीतभर खाली मुरमावर खणकते, शंकेला जागाच नाही.

जुन्या उकिरड्यावर तांदुळजा गुडघ्याच्या वर, घोळ फुगलेली, पानं गडद: नत्र भरपूर. पण अर्धकच्च्या शेणखतातूनही तांदुळज्याचं बी येतं, म्हणून रोपं मोजण्यापेक्षा एकेका रोपाचा जोम बघावा. टाकळ्यावरून मात्र नत्राचा अंदाज बांधू नये. शेंगवर्गीय खरा, पण मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत, उपटून बघा.

खालच्या कोपऱ्यात लव्हाळा, केना, माका ही ओलीवर माजणारी तणं, तिन्ही दाट. वरवर पाहता चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी जमीन. चार दिवस उघडीप मिळाल्यावर 30 सेंमी खोल खड्डा घेतला, पाण्यानं भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि मग पट्टी लावली. (पहिली भरणी मोजायची नाही, ते पाणी भोवतालची माती पिते.) पातळी तासाला जेमतेम 1 सेंमी उतरली, 2.5 च्या खाली निचरा वाईटच. खड्ड्याच्या भिंतीनं कारण दाखवलं: 20 सेंमीवर दगडासारखा थर, मुळं तिथून आडवी वळलेली, आणि थराखाली माती पुन्हा मोकळी. नांगर वर्षानुवर्षं एकाच खोलीवर चालल्याचा हा प्रताप. त्यामुळे पाणी काढायला चर खणायचा बेत रद्द. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावर 40 सेंमीपर्यंत सबसॉयलर, म्हणजे माती न उलटता खालचा थर फोडणारं अवजार, चालवायचा. ओल्यात चालवला तर थर तडकत नाही, नुसती चीर पडून पुन्हा लिंपते.

मधल्या पट्ट्यातला माका फसवा निघाला. दीड हात रुंद आणि सरळ रेषेत, तेव्हाच संशय यायला हवा होता. खालून जाणाऱ्या पीव्हीसी पाइपचा जोड पाझरत होता. जोड बदलला, माका अजून हटलेला नाही. ती चौकट पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोजणीबाहेर.